नालबंदी : वारीच्या वाटेवरचं लोखंड



दिंडीच्या शंभर वर्षांवर लिहायचं ठरलं तेव्हा मंडळींनी विषय वाटून घेतले. कुणी मूळ पुरुषांवर लिहिलं, कुणी अन्नदानावर, कुणी वीणेकऱ्यांच्या परंपरेवर. आमच्या वाट्याला जमाखर्चाच्या जुन्या वह्या आल्या. मोडी संपून बाळबोध सुरू होतं तिथपासून आम्हाला त्या वाचता येतात. तांदूळ, गूळ, रॉकेल, कंदिलाची काच, पखवाजाची पुडी, राहुटीचे दोर, असा साधा खर्च. आणि दर साली ज्येष्ठ महिन्यात एक शब्द हमखास येतो, ‘नालबंदी’. कुठं ‘नालबंदी बैल २’, कुठं ‘नालबंदी बैल ४, तट्टू १’. पुढं एका वहीपासून हा शब्द जातो तो जातोच, आणि त्याच ओळीवर ‘टेंपो भाडे’ येऊन बसतं.

घाटकोपरच्या एका तरुण टाळकऱ्याने वही बघून आम्हाला विचारलं, “महाराज, नालबंदी म्हंजे कसली बंदी?” त्याचं काही चुकलं नाही. मुंबईत जन्मलेल्या पोराने नाल पाहिला तो दाराच्या चौकटीवर, नजर लागू नये म्हणून ठोकलेला. तो नाल कुणाच्या तरी पायातला होता हे त्याला कोण सांगणार? म्हणून हा लेख.

नाल हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ पायताण, चप्पल. बंद म्हणजे बांधणारा. नालबंद म्हणजे जनावराच्या पायात पायताण घालणारा कारागीर, आणि त्याचं काम, त्याची मजुरी ती नालबंदी. पेशवाईत तर या शब्दाला आणखी वजन होतं. स्वारीला निघण्याआधी शिलेदारांना घोड्याच्या तयारीसाठी सरकारातून आगाऊ पैसे मिळायचे, त्यालाही नालबंदीच म्हणत. म्हणजे नालबंदी झाली की माणूस निघाला, असा त्याचा अर्थ. आमच्या वहीतही तसंच दिसतं. नालबंदीच्या ओळीनंतर दोन-चार दिवसांत प्रस्थानाची ओळ येते.

आपण वारकरी पालखीत पादुका घेऊन चालतो. पालखीच्या पुढं जो अश्व चालतो त्याच्याही पायात पायताणच असतं, हे आम्हाला ह्या शब्दावरून नव्यानं कळलं.

हे पायताण आपल्या मुलखात कुठून आलं, याची खूण उपनगरातच पडलेली आहे. बोरिवली-दहिसरच्या पलीकडं खाडीच्या काठी घोडबंदर. तिथं पोर्तुगिजांच्या काळात अरबांकडून आलेल्या घोड्यांचा व्यापार चालायचा, त्यावरून गावाला नाव पडलं असं सांगतात. वांद्र्यापासून अंधेरीवरून बोरिवलीकडं जाणारा आजचा एस. व्ही. रोड, त्याला जुनी माणसं घोडबंदर रोडच म्हणायची. आणि आपल्या बाजूचा, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडवरून ठाण्याला जाणारा एल. बी. एस. मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. ह्या दोन्ही रस्त्यांवर मोटारीच्या आधी टापाच वाजत होत्या. अंधेरी, घाटकोपर स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे ते आमच्या पिढीतल्या लोकांनी पाहिलेत. टांगा आला की नालबंद आला, नालबंद आला की लोहार आला. वाशीचा पूल नव्हता तेव्हा आपली गाडी मुलुंडवरून ठाणे, मुंब्रा, पनवेल, खोपोली अशी जायची आणि बोरघाट चढून, लोणावळा-देहू करत आळंदीला लागायची. दगड, मुरूम आणि पावसाचा चिखल. नालाशिवाय तो घाट चढणं बैलाला शक्य नव्हतं.

आता नाल कसा मारतात ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

घोड्याचा खूर म्हणजे एक नख आहे. आपण पाच बोटांवर उभे राहतो, बैल दोन बोटांवर उभा राहतो, घोडा एकाच बोटावर. त्या एका बोटाच्या नखावर सगळा भार. नख बाहेरून कठीण असतं, त्याला कळ नसते. आत मात्र जिवंत मांस, रक्त आणि हाड. खुराच्या तळाशी मागच्या बाजूला मधोमध एक मऊ तिकोनी गादी असते, पाय टेकला की ती दबते आणि धक्का सोसते. हे नख महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं. मातीवर चाललं तर जेवढं वाढतं तेवढंच झिजतं, हिशोब बरोबर राहतो. खडीच्या रस्त्यावर ओझं घेऊन चालवलं की वाढीपेक्षा झीज जास्त होते, खूर तळाशी येतो, घोडा लंगडतो. नाल आला तो ह्या झिजेवर इलाज म्हणून. रोमन लोक म्हणे घोड्याच्या पायाला लोखंडी तळवा पट्ट्यांनी बांधायचे. खिळ्यांनी ठोकलेला नाल युरोपात सर्रास झाला त्याला हजार एक वर्षं झाली.

नालबंद आधी जुना नाल काढतो. वाढलेलं नख कापतो, कानशीने घासून तळ सपाट करतो. मग नाल पायाच्या मापाला ठोकून बसवतो. पायाचं माप नालाला द्यायचं, नालाचं माप पायाला नाही. वाईट नालबंद नेमकं उलटं करतो, नाल तयार असेल तसा लावतो आणि बाहेर उरलेलं नख कानशीने उडवून टाकतो. खिळा चौकोनी असतो आणि त्याचं टोक एका बाजूने तासलेलं असतं. ते तासलेलं अंग आतल्या बाजूला ठेवून ठोकलं की खिळा आत न जाता वळत वळत नखाच्या बाहेरच्या भिंतीतून वर निघतो. निघालेलं टोक मोडायचं, उरलेलं वाकवून दाबायचं. सात-आठ खिळे, बहुतेक बाहेरच्या अंगाला चार, आतल्या अंगाला तीन. जाणता नालबंद हातोडीच्या आवाजावर काम करतो. कडक नखात खिळा चालला की आवाज टणक येतो. आवाज मऊ पडला की खिळा मांसाकडं निघालाय. तिथल्या तिथं थांबला नाही तर घोडा गेला म्हणून समजा. आपल्या नखाला सुई टोचली तर काही वाटत नाही, नखाखाली गेली तर जीव कळवळतो, तसं.

बैलाचं निराळं. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या, चार पायांना आठ. घोडा तीन पायांवर उभा राहून चौथा पाय हातात देतो. बैल तसा उभा राहत नाही, त्याला दोराने खाली पाडून चारी पाय बांधूनच पत्र्या माराव्या लागतात. पाहणाऱ्याला ते वाईट दिसतं. पण शेतात नांगराला चालणाऱ्या बैलाला आम्ही कधी पत्री मारत नाही. माती त्याच्या पायाला सोसते. पत्री लागते ती रस्त्याला.

आता माउलींच्या अश्वाकडं येऊ.

पालखीची परंपरा तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केली. आज आळंदीहून जो सोहळा निघतो त्याची घडी हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास बसवली. हैबतबाबा साताऱ्याजवळच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार. म्हणून आपल्या सोहळ्यात कीर्तन-भजनाबरोबर फौजेची शिस्त आहे. चोपदार, कर्णा, राहुट्या, दिंड्यांचे क्रमांक आणि सगळ्यात पुढं अश्व. अश्वाची सेवा बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडं. दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ मोकळी. मोकळी म्हणायची आपली पद्धत, तिच्यावर माउली बसलेले असतात हे बारक्या पोरालाही ठाऊक आहे.

ह्या अश्वांची वारी आपल्या आधी सुरू होते. कृष्णाकाठच्या अंकलीहून मिरज, सांगली, सातारा, पुणे करत सुमारे ३०० किलोमीटर चालून ते आळंदीला येतात. तिथून आपल्याबरोबर पंढरपूर. सगळा मिळून महिन्याचा प्रवास. एका नालाचं आयुष्य चार ते सहा आठवडे धरतात, कारण तेवढ्यात खालचं नख वाढून नाल जागचा हलतो. म्हणजे निघताना मारलेला नाल वाखरीच्या मैदानावर त्याच्या शेवटाकडं आलेला असतो, आणि डांबरावर झीज जास्त. वाटेत पाय उचलून पाहिल्याशिवाय भागत नाही. आपल्यातले किती जण मुक्कामावर अश्वाचं दर्शन घेतात, पाठीला हात लावून तो कपाळाला लावतात. त्याचा पाय कुणी उचलून पाहतो का, हे आम्ही फार वर्षं बघत आलो. पाहणारा असतो, पण तो दर्शनाच्या रांगेत नसतो, अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन येतो.

रिंगण डोळ्यासमोर आणा. चांदोबाचा लिंब इथं उभं रिंगण, सदाशिवनगरला पहिलं गोल रिंगण, मग खुडूस, ठाकूरबुवाची समाधी, बाजीराव विहीर, वाखरी. पुढं स्वाराचा घोडा सुटतो, मागून माउलींचा अश्व वाऱ्यासारखा येतो. वळणावर अंग आत कललेलं, माती उडतेय. लाखो माणसं श्वास धरून उभी. तो अश्व पडत नाही याचं कारण श्रद्धा आहेच, आणि दुसरं कारण ती माती आहे. नालाच्या पोकळीत माती दाबून भरते. मग खाली लोखंड-जमीन असा संबंध राहत नाही, माती मातीला धरते. वरून मऊ, खालून घट्ट अशी जमीन त्यासाठी लागते. रिंगण झालं की आपण धावत जाऊन टापांखालची माती कपाळाला लावतो. आम्हाला वाटतं, ती माती तेवढ्या मानाची आहेच. तिने अश्व सांभाळलेला असतो.

मग घसरण आली कुठून? तर रस्ता सुधारला तिथून.

ऐकायला उलटं वाटेल. नाल आला खडीच्या रस्त्यासाठी, झीज थांबवायला. झीज थांबली. पण पुढं रस्ताच गुळगुळीत होत गेला आणि तेच लोखंड वैरी झालं. नख थोडं चिवट असतं, जमिनीला चिकटतं. झिजून चकचकीत झालेलं लोखंड ओल्या दगडावर, ओल्या डांबरावर साबणासारखं सरकतं. बोरघाटात गाड्या जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला, तो खडी-मुरुमाचा. त्यावर नाल म्हणजे वरदान होतं. पुढं मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या. कंपनीच्या पागेत नऊशेच्या आसपास घोडे होते असं सांगतात, उन्हाचं त्यांना टोप्या घालायचे. रुळांच्या मधोमध घोडा धावायचा, थांबायचा, पुन्हा भरलेली ट्राम ओढून सुटायचा. हे सुटणंच वाईट. घोडा घसरतो तो बहुतेक सुटताना, थांबताना आणि वळताना. सरळ चालीत फारसा नाही. १९०५ साली ती ट्राम बंद झाली, १९०७ ला विजेची आली. टांगे आणि व्हिक्टोरिया मात्र डांबरावर चालत राहिल्या. २०१५ साली मुंबई हायकोर्टाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. शहरातल्या तबेल्यांची दशा आणि घोड्यांचे हाल हे त्यामागं होतं.

आणि आपला तर महिनाच अडचणीचा. पालखी निघते ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे पहिल्या पावसाच्या तोंडावर. आठ महिने रस्त्यावर साचलेलं तेल, टायरचा कीस, धूळ पहिल्या सरीला वर येते आणि रस्ता तुपकट होतो. चार-दोन मोठे पाऊस पडून गेले की धुऊन निघतो. मोटारसायकलवाल्यांना हे बरोबर ठाऊक आहे. बैलाला कोण सांगणार? दिवेघाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात ते आपण पाहतो आणि जयजयकार करतो. त्या वेळी नजर थोडी खाली नेऊन बैलांचे मागचे पाय पाहावेत. चढाला सगळा जोर मागच्या पायाच्या बोटांवर येतो. एक पाय जरी सटकला तरी बैल गुडघ्यावर येतो आणि रथ मागं ओढतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बैल सांभाळणाऱ्या घरांनाच तो मान मिळतो, ते योग्यच आहे.

घसरू नये म्हणून माणसाने डोकं पुष्कळ चालवलं. आम्हाला ह्यातलं बरंचसं परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेल्या एका डॉक्टरांनी समजावलं. हे कॉलेज १८८६ सालचं. तेव्हाच्या मुंबईला घोड्यांच्या डॉक्टरांची गरज किती असेल, तुम्हीच बघा. तर पहिला उपाय म्हणजे नालाला पन्हळीसारखी खाच. खिळ्यांची डोकी त्या खाचेत बसतात, आणि उरलेल्या खाचेत वाळू-खडी रुतते. वाळूच रस्त्याला धरते. सपाट नालापेक्षा हा चांगला. दुसरा, नालाची मागची दोन टोकं खाली वळवायची, म्हणजे टाचेला खुंट्या होतात. चढ-उताराला त्या रुततात. तिसरा, थंड मुलखात बर्फावर चालायला टोकदार डोक्याचे खिळे मारतात, किंवा नालात आटे पाडून त्यात खुंट्या पिळून बसवतात, काम झालं की काढतात. चौथा, रस्त्यासाठी अतिकठीण धातूचं टोक बसवलेले खिळे. नाल झिजतो, ते टोक झिजत नाही, डांबराला दात लावतं. पाचवा, रबर. लंडनच्या रस्त्यांवर घोडागाड्यांच्या काळात रबरी गाद्या लावायचे. आपल्याकडंही जुन्या टायरचा तुकडा कापून नालाखाली ठोकणारे लोक आहेत. शर्यतीच्या घोड्यांचं वेगळंच, त्यांना ॲल्युमिनियमचे हलके नाल असतात. महालक्ष्मीला गवतावर धावायचं, तिथं डांबराचा प्रश्न नाही.

पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनात बसली. म्हणाले, महाराज, पाय अजिबात घसरू नये असं केलंत तर घोडा पांगळा होईल. पाय जमिनीवर टेकताना दोन-तीन बोटं पुढं सरकतो, त्या सरकण्यात धक्का जिरतो. खुंट्या लावून पाय जागच्या जागी रोवला, तर तो धक्का सांध्यात जातो. वळताना पाय खाली अडकतो, अंग फिरतं, आणि पिळवटतो तो गुडघा. मागच्या टोकांना खुंट्या लावल्या की टाच उचलते, ती मऊ गादी जमिनीला टेकत नाही, आणि रोज तसं चालवलं तर पायाची ठेवणच बिघडते. म्हणजे पकड हवी, पण सरकायला थोडी जागाही हवी. किती ते रस्ता बघून, ओझं बघून, घोडं बघून ठरवायचं. हे कुठल्या दुकानात मिळत नाही. हे नालबंदाच्या डोळ्यात असतं.

त्या नालबंदाबद्दल थोडं. हे काम आपल्याकडं बहुतकरून मुसलमान घरांत. नालबंद हे आडनावच आहे, गावोगाव सापडेल. आमच्या लहानपणी गावच्या बाजाराला एक चाचा यायचे. पोतडीत हातोडी, कानस, पकड आणि खिळ्यांचा डबा. ज्येष्ठात ते आधी वारीची जनावरं घ्यायचे, मग बाकीची. पैसे शेवटी. बैल खाली पाडला की त्याच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायचे, बैल निवांत पडायचा. आम्ही कीर्तनात भक्ताने देवाच्या पायाशी बसावं असं सांगत फिरतो. आयुष्यभर पायाशी बसलेला माणूस बघायचा तर तो नालबंद. पायाशी बसून बसून पाठीचा कणा वाकलेला. आपल्या वहीत बैलांचा आकडा आहे, नालबंदीची रक्कम आहे, नालबंदाचं नाव एकाही साली नाही. हा दोष वही लिहिणाऱ्याचा म्हणवत नाही, तेव्हा तशी रीतच होती. शताब्दीच्या यादीत स्वयंपाकी आले, पाणक्ये आले, राहुटी ठोकणारे आले. नालबंदाची ओळ आम्ही आग्रहाने घालायला लावली आहे. नाव नसेना, काम तरी असू द्या.

टेंपो आला तेव्हा बैल सुटले, यात आम्हाला दुःख नाही. बैलांच्या जिवाचं भलंच झालं. भर डांबरात, मागून ट्रकचे भोंगे वाजत असताना, पाण्याच्या टिपांनी भरलेली गाडी ओढणं हे कसलं पुण्य. लोखंडी धावेच्या चाकांची जुनी गाडी जाऊन टायरची गाडी आली तेव्हा बैलाला ओढायला हलकं झालं खरं, पण लोकांनी ओझं दुप्पट भरलं. म्हणून टेंपोला आम्ही नावं ठेवत नाही. २०२० साली तर पादुकाच एसटीने पंढरीला गेल्या. माउली सगळ्या वाहनांनी जातात. पण जिथं अश्व आणि बैल राहिलेत, रथाला, रिंगणाला, पालखीपुढं, तिथं त्यांच्या पायाखाली काय आहे ते बघायची जबाबदारी आपली.

आता पालखी मार्ग रुंद होतोय. ८ नोव्हेंबर २०२१ ला त्याच्या कामाची कोनशिला बसली. माउलींचा मार्ग दिवेघाटापासून मोहोळपर्यंत सुमारे २२१ किलोमीटर, तुकोबारायांचा पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर, आणि दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट. फार मोठं काम, म्हाताऱ्या माणसांना मोटारींपासून जपणारं. आमचं म्हणणं एवढंच, की त्या वाटेच्या कडेला अश्व-बैलांसाठी मातीचा, निदान मुरमाचा पट्टा राहू द्या. माथेरानला बघा. तिथं मोटारीला बंदी, पूर्वापार कारभार चालायचा तो घोड्यावर आणि तांबड्या मातीवर. रस्त्याला मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक बसवले तर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार झाली आणि वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. पर्यटकाला जो रस्ता नीट वाटतो तो घोड्याला नीट असेलच असं नाही, हे तिथं कोर्टापुढं सांगावं लागलं. आपल्याकडं बैल-घोड्याच्या वतीने बोलायला आपल्याशिवाय कोण आहे?

शेवटी आपल्या शताब्दीच्या रिंगणाबद्दल, कारण त्यावरून बैठकीत बराच खल झाला. तरुण मंडळींचं म्हणणं होतं, घाटकोपरच्या मुख्य रस्त्यावर घोडा आणून रिंगण करू, लोक दोन्ही बाजूंना गॅलरीतून बघतील. रस्ता काँक्रीटचा. वरातीची घोडी भाड्याने मिळते. आम्ही विरोध केला आणि तो इथंही नोंदवून ठेवतो. वरातीची घोडी नाचायला शिकवलेली असते, रिंगणाला नाही. तिचे नाल बहुतेक सपाट आणि झिजलेले. मागं एका वरातीत ओल्या फरशीवर घोडी चारी पाय फाकून पडली ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नवरदेव उठला, घोडी उठली नाही. काँक्रीटवर गोल धावणं म्हणजे प्रत्येक पावलाला वळण, आणि वळण म्हणजे घसरण. तेही टाळ-मृदंगाच्या कल्लोळात, भेदरलेल्या जनावराला. देवाचं नाव घेऊन असलं काही करू नये.

बैठकीत अखेर सगळ्यांनी मानलं. रिंगण मैदानात होईल. घोडं घ्यायचं ते आधी पाय उचलून बघून. नाल हलतो का, खिळ्याची वाकवलेली टोकं वर आलीत का, नख नालाच्या बाहेर वाढलंय का, उभं असताना एक पुढचा पाय सारखा पुढं टाकून विसावा घेतं का. यातलं एक जरी दिसलं तरी नको म्हणायचं, बयाणा गेला तरी चालेल. नाल नवे मारायचे तर रिंगणाच्या चार-पाच दिवस आधी मारायचे, आदल्या दिवशी नाही. खिळा कुठं दुखत असेल तर तेवढ्यात कळून येतं.

मैदानावर आधी पेव्हरचे तुकडे आणि क्रिकेटच्या पिचवरचा सिमेंटचा भाग येतो, तेवढा सोडून वर्तुळ आखलंय. तांबडी माती अंबरनाथच्या बाजूने तीन डंपर येईल. ती पसरून, पाणी मारून, रोलर न फिरवता पायांनी तुडवायची आहे. तुडवायला माणसं लागतील, ती भजनाच्या पावलीवर तुडवली तर काम लवकर होईल. आदल्या दिवशी सकाळी सातला खडे वेचायला सुरुवात आहे. ज्यांना यायचं त्यांनी घमेलं आणि पाण्याची बाटली घेऊन यावं, चहा दिंडीकडून.